पहिलं बांधकाम घेतलंय, तर एवढं बघ

भाऊ, मे महिन्यात काम घेतलंस, तर आधी पाण्याची सोय बघ. जळगाव-भुसावळचं ऊन ४५ अंशांवर जातं. स्लॅबवर क्यारे (पाणी अडवायला छोटे बांध) करून किमान १० दिवस पाणी साचवून ठेव. सकाळी पाइप मारला की झालं, असं नसतं. काळी माती पावसात फुगते, उन्हात भेगाळते. म्हणून मालक कितीही घाई करो, पाया मुरूम लागेपर्यंत खोद.

आखाजी (अक्षय्य तृतीया) आणि कानबाई देवीच्या सणाला मजूर गावी जाणारच. तारीख देतानाच ते दिवस धर, बाजाराच्या दिवशीची मजुरी अडवू नकोस. कानबाईच्या रोटांना (नैवेद्याच्या जेवणाला) तूही भाऊबंदात घरीच थांब, साइट कुठं पळत नाही. वास्तुशांतीचं बोलावणं आलं तर बायको-पोरांना घेऊन जा. पुढचं गिऱ्हाईकही बहुतेक त्याच पंगतीत भेटतं!