काळाचा अभ्यास : सुरुवात कुठून?

काळाच्या स्वरूपाचा अभ्यास कसा करावा, याबद्दल ठाणे आणि नवी मुंबईतल्या वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांपैकी चार आज घेतले आहेत.

मी अकरावीत आहे. सापेक्षतावाद कळायला किती गणित लागतं? (विद्यार्थी, ऐरोली)

विशिष्ट सापेक्षतावादापुरतं, म्हणजे वेगाप्रमाणे काळ आणि लांबीची मापं बदलतात हे सांगणाऱ्या आइन्स्टाइनच्या सिद्धांतापुरतं, पायथागोरसचं प्रमेय आणि वर्गमूळ पुरे. आधी कुणाची मतं वाचू नकोस, एक गणित हाताने सोडव. वैश्विक किरण वातावरणावर आदळले की साधारण १५ किलोमीटर उंचीवर म्युऑन नावाचे कण तयार होतात. त्यांचं सरासरी आयुष्य २.२ मायक्रोसेकंद. तेवढ्यात प्रकाशसुद्धा जेमतेम ६६० मीटर जातो. या हिशेबाने अब्जात एकही म्युऑन जमिनीवर पोचायला नको. पण आत्ताही दर सेकंदाला एखादा तुझ्या तळहातातून आरपार जातो आहे.

आता म्युऑनचा वेग प्रकाशाच्या ०.९९५ पट धर. त्या संख्येचा वर्ग एकातून वजा कर आणि वर्गमूळ काढ. उत्तर ०.१ च्या अगदी जवळ येईल. या सिद्धांतानुसार वेगाने जाणाऱ्याचं घड्याळ आपल्याला तेवढ्या पटीने मंद चालताना दिसतं. म्हणजे आपल्या घड्याळाप्रमाणे म्युऑन दहापट जगतो, सरासरी साडेसहा किलोमीटर जातो, आणि ढोबळमानाने दहातला एक खाली पोचतो. हे वहीत उतरलं की पुढचा प्रश्न स्वतःला विचार: म्युऑनच्या बाजूने पाहिलं तर त्याचं आयुष्य २.२ मायक्रोसेकंदच आहे, मग तो पोचला कसा? त्याच्या दृष्टीने १५ किलोमीटरचं वातावरणच दीड किलोमीटरचं झालेलं असतं. दोघांचे हिशेब वेगळे, पण म्युऑन पोचला यावर दोघांचं एकमत. तत्त्वज्ञानाला खरं काम इथे मिळतं.

घड्याळातली वेळ माणसाने ठरवली. मग काळही माणसाचीच सोय नाही का? (निवृत्त रेल्वे कर्मचारी, नौपाडा)

हा प्रश्न ठाण्यातून यावा याचा आनंद झाला. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून पहिली प्रवासी गाडी इथेच आली. पुढे रेल्वे मद्रासच्या वेळेवर धावू लागली आणि मुंबई शहर स्वतःच्या वेळेवर चालत राहिलं. १९०६ मध्ये लागू झालेली प्रमाणवेळ मुंबईच्या स्थानिक वेळेपेक्षा ३९ मिनिटं पुढे होती, आणि शहराने ती सुखासुखी स्वीकारली नाही. कोणत्या रेखांशाची वेळ मानायची हा निव्वळ ठराव असतो, तुमचं तेवढं बरोबर.

पण गाडी बोरीबंदरहून निघाली आणि नंतर ठाण्याला पोचली, हा क्रम कोणत्याही ठरावाने उलटत नाही. या दोन टोकांच्या मधली गोष्ट आइन्स्टाइनने १९०५ मध्ये दाखवली. दूरच्या दोन घटना एकाच वेळी घडल्या का, याचं उत्तर निरीक्षकाच्या गतीवर अवलंबून असतं. मात्र एका घटनेचा परिणाम दुसरीवर होऊ शकत असेल, तर त्यांचा क्रम सर्वांना सारखाच दिसतो. म्हणून काळाविषयी कोणतंही विधान वाचलं की आधी पाहावं: हे ठरावाबद्दल आहे, निरीक्षकागणिक बदलणाऱ्या गोष्टीबद्दल, की सर्वांना समान असलेल्या गोष्टीबद्दल? माझ्या मते निम्मा गोंधळ एवढ्यानेच सुटतो.

भूत, वर्तमान, भविष्य सगळं एकदमच अस्तित्वात आहे, हे विज्ञानाने सिद्ध केलं आहे का? (वाचक, बेलापूर)

नाही. १९०८ मध्ये मिन्कोव्स्की या गणितज्ञाने अवकाश आणि काळ यांची एकत्रित चतुर्मिती मांडली. त्याच वर्षी मॅकटॅगार्ट या तत्त्वज्ञाने लिहिलं की घटना दोन प्रकारे लावता येतात: भूत-वर्तमान-भविष्य अशा, किंवा नुसत्या आधी-नंतर अशा. काळच खरा नाही, हा त्याचा निष्कर्ष मला पटत नाही, पण हा भेद मोलाचा आहे. भौतिकशास्त्राची समीकरणं दुसऱ्या मांडणीत लिहिलेली असतात. त्यांत ‘आत्ता’ सापडत नाही, म्हणून जगातही तो नाही, हे अनुमान तत्त्वज्ञानातलं आहे. त्याच्या बाजूने चांगले युक्तिवाद आहेत, पण ते युक्तिवादच आहेत.

हे सगळं आपल्या दर्शनांत आधीच सांगितलेलं नाही का? (संस्कृत शिक्षिका, खारघर)

सापेक्षतावाद नाही सांगितला. प्रकाशाच्या वेगाचा आधार तिथे कुठेच नाही. पण जे सांगितलं आहे ते याहून कमी महत्त्वाचं नाही. वैशेषिक दर्शनाच्या अनुयायांनी मानलेल्या नऊ द्रव्यांत, म्हणजे मूळ पदार्थांत, काळ आहे. आधीचं, नंतरचं, एकाच वेळचं, सावकाश, झटपट या प्रतीतींवरून ते त्याचं अनुमान करतात. बौद्ध तत्त्वज्ञ नागार्जुन उलट विचारतो: वर्तमान आणि भविष्य हे भूताच्या अपेक्षेने सिद्ध होत असतील, तर ते भूतातच असायला नकोत का? घटनांपलीकडे स्वतंत्र काळ आहे का, यावर न्यूटनचे समर्थक आणि जर्मन तत्त्वज्ञ लाइबनिट्झ अठराव्या शतकात भांडले, त्याच्याशी हा वाद ताडून पाहण्याजोगा आहे. तुम्हाला मूळ संस्कृत वाचता येतं, ही फार मोठी सोय आहे. ‘आधीच सांगितलं’ म्हणून पुस्तक मिटू नका. एका वर्गात वैशेषिकांची बाजू मांडा, पुढच्या वर्गात नागार्जुनाची, आणि मुलांना दोन्हींतल्या त्रुटी काढू द्या.