सोनौलीच्या पुढं गाडी नेताना

सोयाबीन घरात आलं, दिवाळी आटोपली की आपल्या भागातल्या गाड्या लांबच्या वाटेला लागतात. पूर्वी तिरुपती, फार तर काशी. यंदाच्या प्रश्नांत काठमांडू आहे, दुबई आहे, जर्मनी आहे, आणि धाराशिवच्या दोन पोरांचं थेट लंडन. मोटार वाहन निरीक्षकाची नोकरी संपली तरी लोक अजून मला गाडी दाखवायला आणतात. परदेशी निघालेल्यांचं बोनेट मी नंतर उघडतो, आधी कागद मागतो.

प्रश्न : औंढा नागनाथ, परळी, घृष्णेश्वर झालं. आता सुट्टीत आमच्या सात सीटरनं पशुपतिनाथाला जायचं म्हणतोय. सोबत वडील (७०), आई (६६), बायको, मुलगी (१६) आणि मुलगा (११). आंतरराष्ट्रीय लायसन्स लागेल का? आधार कार्ड चालतं ना? – एक शिक्षक, परभणी

सर, नेपाळात आपलं भारतीय लायसन्स चालतं, वेगळं काही काढू नका. गाडीही डाव्या बाजूनंच चालवायची. गोची आधारची आहे. प्रौढांना पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र, दोन्हीपैकी एक हवं. ६५ च्या वरच्यांना आणि १५ च्या खालच्यांना फोटो असलेलं दुसरं ओळखपत्र चालतं, म्हणजे आई-वडील आणि धाकटा आधारवर जातील. मधे राहते तुमची लेक. १५ ते १८ वयाच्या मुलांना मुख्याध्यापकांचं ओळख प्रमाणपत्र ठरलेल्या नमुन्यात चालतं. ते सुट्टी लागायच्या आत सही-शिक्क्यासह घेऊन ठेवा. सुट्टीत शाळेचा शिक्का कोणत्या कपाटात आणि किल्ली कुणाकडं असते, हे तुम्हाला मी काय सांगावं.

दुसरं, नावं जुळवा. मतदार ओळखपत्रावर 'ज्ञानोबाराव', लायसन्सवर नुसतं 'ज्ञानोबा', आरसीवर आडनाव आधी आणि वडिलांचं नाव गायब, हा आपल्याकडचा नेहमीचा घोळ. राव, बाई, आप्पा ही नावाला आदरानं चिकटलेली असतात, पण खिडकीतल्या माणसाला आदराशी देणंघेणं नसतं, त्याला अक्षरं जुळलेली हवी असतात. पत्त्यात जुनं 'उस्मानाबाद' किंवा 'औरंगाबाद' असल्यानं कुणाचं अडलेलं मी पाहिलं नाही. नावावरून अडलेलं पाहिलंय.

वाट नागपूर, जबलपूर, प्रयागराज, गोरखपूर, सोनौली अशी. सीमा ओलांडली की नेपाळची जकात कचेरी, तिला तिकडं 'भन्सार' म्हणतात. आरसी आणि लायसन्स दाखवायचं, किती दिवस राहणार ते सांगायचं, तितक्या दिवसांचे पैसे भरून पावती घ्यायची. यातायातचा म्हणजे वाहतुकीचा परवाना वेगळा. इथं कंजुषी करू नका, ठरवल्यापेक्षा दोन दिवस जास्तीचे भरा. डोंगरात दरड आली की रस्ता कधी मोकळा होईल ते पशुपतिनाथालाच ठाऊक, आणि मुदत संपलेली गाडी परत आणताना दंड बसतो. पावती परतताना दाखवायची असते, ती डॅशबोर्डवर उन्हात टाकू नका. फास्टॅग सीमेच्या अलीकडंच राहिला, तेव्हा टोलला रोकड लागेल. शंभराच्या नोटा भरपूर ठेवा.

प्रश्न : डिझेल गाडी, सहा वर्षं जुनी, ८०,००० किलोमीटर झालेली. धाव जालना–संभाजीनगर–नागपूर एवढीच. सर्व्हिसिंग नुकतंच झालंय. नेपाळसाठी आणखी काय करू? – जालना

ब्रेक ऑइल बदला. बाकीचं उत्तर वाचलं नाही तरी चालेल.

समृद्धीनं नागपूरला जाताना ब्रेकवर पाय किती वेळा पडतो? आपली गाडी सपाटीची, तिच्या ब्रेकची परीक्षाच कधी झालेली नसते. माझीही झाली नव्हती. काही वर्षांपूर्वी काठमांडूहून हेटौड्याकडं मी जुन्या त्रिभुवन राजपथानं उतरत होतो. सिमभंज्यांगची खिंड २,४८८ मीटर उंच, तिथून उतार संपता संपत नाही. आधी जळका वास आला. पुढच्या वळणाला पॅडल मऊ लागलं, त्याच्या पुढच्या वळणाला ते थेट फळीला टेकलं. पहिला गिअर, हँडब्रेक आणि डोंगराकडची गटार या तिघांनी मिळून गाडी थांबवली. आमच्या सौ. काही बोलल्या नाहीत. उतरल्या, चाकाखाली दगड लावला आणि रस्त्याच्या कडेला जाऊन बसल्या. पाऊण तासानं गाडी निवल्यावर पॅडल पुन्हा घट्ट झालं, तेव्हा त्या आत आल्या.

घरी येऊन ब्रेक ऑइलची डबी उघडली तर आत चहासारखं काळं ऑइल. निघायच्या आधीच्या सर्व्हिसिंगच्या बिलात 'ब्रेक ऑइल बदलले' असं लिहून पैसे घेतले होते. गॅरेजचं नाव घेत नाही. जन्मभर दुसऱ्यांच्या गाड्या तपासणाऱ्यानं स्वतःच्या गाडीची डबी बघितली नाही, ही चूक माझी.

ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषून घेतं. कोऱ्या डॉट-४ प्रतीच्या ब्रेक ऑइलचा उकळबिंदू किमान २३० अंश असावा लागतो, ओल शोषलेल्याला तो १५५ पर्यंत खाली आला तरी चालतो असं मानक आहे. लांब उतारावर पाय ब्रेकवरच राहिला की डिस्क तापते, ऑइल उकळतं, नळीत वाफ होते. वाफ दाबली जाते, म्हणून तुमचा जोर पॅडपर्यंत पोचतच नाही. उपाय दोन. दर दोन वर्षांनी ऑइल बदलायचं, आणि उतरताना गाडी गिअरमध्ये ठेवायची. ज्या गिअरमध्ये तो घाट चढला असता, त्याच गिअरमध्ये उतरा. न्यूट्रलमध्ये टाकून डिझेल वाचवणारे आपल्याकडं बरेच आहेत, त्यांनी काठमांडूला बसनं जावं.

आता थोडक्यात. कूलंट बघा. उन्हाळ्यात कुणीतरी रेडिएटरमध्ये बोअरचं पाणी ओतलेलं असतंच. त्याचा क्षार आत बसतो आणि नेपाळातल्या उंचावरच्या मुस्तांगच्या थंडीत ते पाणी गोठू शकतं. ते सगळं काढून नीट कूलंट भरून घ्या. टायरच्या कडेला चार आकडे असतात, '२३१९' म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. आपल्या उन्हात उभ्या गाडीचा टायरही म्हातारा होतो, तेव्हा नक्षी शाबूत असली तरी बगलेला चिरा पडलेला टायर घाटात नेऊ नका. स्टेपनीचं वय बघायला सगळेच विसरतात. क्लच वास मारत असेल तर इथंच टाकून घ्या, तिकडं तुमच्या मॉडेलचं सामान मिळेलच असं नाही. डिकीत फॅन बेल्ट, फ्यूज, आणि चाकाखाली लावायला दोन लाकडी ठोकळे असू द्या. दगड दर वेळी सापडत नाही.

प्रश्न : गाडी मेहुण्यांच्या नावावर आहे, त्यावर बँकेचं कर्जही आहे. नेता येईल का? विमा तर चालूच आहे. – हिंगोली

मेहुण्यांकडून गाडीचा नंबर आणि प्रवासाच्या तारखा घालून अधिकारपत्र घ्या. बँकेकडून ना-हरकत पत्रही घ्या. विमा चालू आहे, पण तो भारतापुरता. नेपाळ, भूतान, बांगलादेश, श्रीलंका अशा शेजारी देशांसाठी पॉलिसीची हद्द वाढवून मिळते, जादा हप्ताही किरकोळ असतो. पण ते निघायच्या आधी लेखी करून घ्यावं लागतं. सोनौलीला पोचल्यावर एजंटाला फोन करून उपयोग नाही.

प्रश्न : मुलगी जर्मनीत एमएस करायला गेलीय. आरटीओतून इंटरनॅशनल परमिट काढून दिलंय, एक वर्षाचं. तरी तिचे मित्र म्हणतात सहाच महिने चालतं. खरं काय? – लातूर

मित्रांचं खरं. परमिट एक वर्षाचं असलं तरी जर्मनीत राहायला गेलेल्या माणसाला भारतीय लायसन्सवर सहा महिनेच गाडी चालवता येते, आणि मोजणी ती तिथं राहायला लागली त्या दिवसापासून होते. त्यानंतर लेखी आणि प्रत्यक्ष, दोन्ही परीक्षा देऊन तिथलं लायसन्स काढायचं. अनेक पोरं सातव्या महिन्यात 'परमिट अजून शिल्लक आहे' म्हणून गाडी काढतात. तो विनालायसन्सचा गुन्हा होतो आणि विमाही हात वर करू शकतो.

दोन गोष्टी तिला फोनवर सांगा. पाटी किंवा सिग्नल नसलेल्या चौकात उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, मग तो सायकलवाला का असेना. आपल्याकडं मोठ्या गाडीला आधी जाऊ देतात, म्हणून हे पटायला वेळ लागतो. आणि महामार्गावर कोंडी होऊ लागली की रुग्णवाहिका येण्याची वाट न बघता सगळ्यात डावीकडच्या रांगेनं डावीकडं आणि बाकीच्यांनी उजवीकडं सरकायचं, मधे वाट मोकळी ठेवायची. वारीत दिंड्यांच्या मधून रुग्णवाहिका जाते ना, तसं. फरक एवढाच की तिथं ती दिसायच्या आधीच वाट झालेली असते.

प्रश्न : मुलाकडं दुबईला महिनाभर चाललोय. पन्नाशी उलटली, गाडी चालवायचा तीस वर्षांचा अनुभव. तिथं चालवू का? ऑनलाइन तीन वर्षांचं आंतरराष्ट्रीय लायसन्स मिळतंय, घेऊ का? – बीड

ते घेऊ नका. आपलं परमिट १९४९ च्या जिनिव्हा करारावर चालतं आणि फार तर एक वर्षाचं असतं. कुणी तीन किंवा दहा वर्षांचं देत असेल तर तो रंगीत कागद विकतोय. खरं परमिट परिवहन खात्याच्या सारथी संकेतस्थळावर अर्ज करून बीडच्याच आरटीओतून मिळतं. अर्ज नमुना ४-अ, फी १,००० रुपये. मूळ लायसन्स सोबत नसेल तर त्या पुस्तिकेला किंमत नाही, आणि मोबाईलमधलं डिजिलॉकर परदेशात कामाचं नाही.

पर्यटक व्हिसावर परमिट आणि लायसन्स दाखवून भाड्याची गाडी घेता येते. मुलाची गाडी घ्यायची तर आधी तिच्या विम्यात तुम्ही बसता का ते त्याला विचारून घ्यायला सांगा.

तीस वर्षांचा अनुभव मात्र पहिल्या दिवशी उलटा येईल. गाडी उजव्या बाजूनं, स्टिअरिंग डावीकडं. आपल्या मारुतीत इंडिकेटरची दांडी उजव्या हाताला असते, तिथल्या गाडीत डाव्या. म्हणून पहिल्या प्रत्येक वळणाला इंडिकेटरऐवजी वायपर फिरेल, तेही कोरड्या ठाक उन्हात. मुलगा हसेल, हसू द्या. खरा धोका संध्याकाळी रिकाम्या रस्त्यावर वळताना असतो. समोर गाडी नसली की मन गुपचूप जुन्या बाजूला जातं. पहिले दोन दिवस शेजारी बसणाऱ्यानं प्रत्येक वळणाला 'उजवी बाजू' म्हणायचं, हे ठरवूनच निघा.

दुबईत फलकावरच्या वेगापेक्षा २० पर्यंत जास्त झालं तरी कॅमेरा सोडतो. त्याच रस्त्यानं पुढं अबू धाबीत शिरलात की ही सूट नाही, तिथं फलकावर लिहिलेला आकडा हीच हद्द. दारूचा एक थेंबही नको. आणि रागाच्या भरात हातवारे करू नका, तिथं त्यावरही गुन्हा दाखल होतो.

प्रश्न : लंडनला भावाकडं जाणार आहे. तिथं तरी आपल्यासारखीच डावी बाजू आहे, मग काही शिकायचं राहतं का? – नांदेड

एक राहतं. समोरच्या गाडीनं दिवे मिचकावले की आपल्याकडं अर्थ काय होतो? 'मी येतोय, बाजूला हो.' तिकडं बहुतेक लोक तो 'तुम्ही या, मी थांबतो' असा घेतात. अरुंद गल्लीत तुम्ही आपल्या अर्थानं डिपर मारलात तर समोरचा आभार मानून पुढं येईल आणि दोघंही मधे अडकाल. बाकी भारतीय लायसन्सवर तिथं १२ महिने गाडी चालवता येते. वेगाचे आकडे मैलात असतात, हे मात्र ध्यानात ठेवा.

प्रश्न : आम्ही दोघं मित्र, स्वतःच्या गाडीनं लंडनला जायचंय. सुरुवात कुठून करू? – धाराशिव

बँकेतून. गाडी दुसऱ्या देशात नेऊन विकणार नाही, परत आणणार, याची हमी म्हणून 'कार्ने' नावाचं पुस्तक लागतं. गाडीचा पासपोर्टच समजा. मुंबईची वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाईल असोसिएशन ते देते, पण गाडीच्या किमतीच्या हिशोबानं बँक हमी मागते. प्रत्येक सीमेवर त्यात शिरल्याचा आणि निघाल्याचा शिक्का पडायला हवा. निघाल्याचा एक शिक्का राहिला तरी त्या देशाची जकात तुमच्या हमीवर हात टाकू शकते. चीनमधून जायचं तर आपलं परमिट तिथं चालतच नाही. तात्पुरतं चिनी लायसन्स आणि सोबत वाटाड्या लागतो. मागच्या काचेवर पांढऱ्या लंबगोलात काळ्या रोमन अक्षरांत देशाची खूण हवी, अक्षरं किमान ८ सेंटिमीटर उंच.

हमीचा आकडा ऐकून तुमच्यातला एक तरी मागं सरेल. तोवर भूतानला जाऊन या. सीमेवरच्या फुन्शोलिंगला परवाना काढा. भारतीयांना माणशी रात्रीला १,२०० रुपये पडतात, आणि गाडी पुढं न्यायची तर तिचे दिवसाला ४,५०० वेगळे. थिंफूत एकही ट्रॅफिक सिग्नल नाही, चौकात पोलीस हातानं इशारे करतो. तेवढं एक तुम्हाला नव्यानं शिकावं लागणार नाही.