आरोग्य प्रश्नोत्तरे : टेस्टोस्टेरॉन कमी, की त्याला धरून ठेवणारे प्रथिन कमी?

प्रश्न : माझे वय ४६ आहे. वर्षभर थकवा जाणवतो, कंबरेचा घेर १०४ सेंटिमीटर आहे, सोनोग्राफीत फॅटी लिव्हर आढळले आणि एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतील सरासरी रक्तशर्करा दाखवणारी चाचणी) ६.१ टक्के आले. सकाळी उपाशीपोटी केलेल्या तपासणीत एकूण टेस्टोस्टेरॉन २५० नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटर आणि एसएचबीजी १४ नॅनोमोल प्रति लिटर निघाले. टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शने घेतल्यास मधुमेहही टळेल, असे एका परिचितांनी सुचवले. ते योग्य ठरेल का?

उत्तर : तुमच्या अहवालात एसएचबीजीचा आकडा आधी वाचायला हवा, कारण टेस्टोस्टेरॉनच्या आकड्याचा अर्थ त्यावर ठरतो. एसएचबीजी हे यकृतात तयार होणारे प्रथिन रक्तातील लैंगिक संप्रेरकांना धरून ठेवते. टेस्टोस्टेरॉनला घट्ट, तर इस्ट्रॅडिऑलला काहीसे सैल. उरलेले बहुतेक टेस्टोस्टेरॉन अल्ब्युमिन या रक्तातील दुसऱ्या प्रथिनाला ढिलेपणाने चिकटलेले असते आणि जेमतेम एक ते तीन टक्के मोकळे फिरते. पेशींत शिरून काम करतो तो मुख्यत्वे हा मोकळा भाग, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. ‘एकूण’ चाचणीत मात्र हे सगळेच मोजले जात असल्यामुळे, धरून ठेवणारे प्रथिन घटले की एकूण आकडाही घसरतो.

तुमचेच आकडे नेहमीच्या सूत्रात घालून पाहू. २५० नॅनोग्रॅम म्हणजे सुमारे ८.७ नॅनोमोल प्रति लिटर. अल्ब्युमिन सामान्य धरले, तर एसएचबीजी १४ असताना मोकळे टेस्टोस्टेरॉन अंदाजे २५० पिकोमोल प्रति लिटर येते. (दोन्हीकडे २५० आले हा निव्वळ योगायोग आहे, एककांची गल्लत करू नये.) आता एकूण आकडा तोच ठेवून एसएचबीजी ४० धरले, तर मोकळे टेस्टोस्टेरॉन १५० पिकोमोलपर्यंत उतरते. खालची मर्यादा २२० च्या आसपास मानली, तर त्या दुसऱ्या माणसात कमतरता आहे असे म्हणता येईल, तुमच्याबाबतीत तसे ठामपणे म्हणता येत नाही.

मग एसएचबीजी इतके कमी का? पूर्वी त्याचा दोष थेट वाढलेल्या इन्सुलिनला दिला जात असे. परंतु मानवी एसएचबीजीचे जनुक बसवलेल्या उंदरांवर आणि यकृतपेशींवर झालेल्या प्रयोगांतून २००७ मध्ये असे दिसले की ग्लुकोज आणि विशेषतः फ्रुक्टोज यांपासून यकृतात चरबी बनू लागली, की हे जनुक चालू ठेवणारे एचएनएफ-४ अल्फा नावाचे नियामक प्रथिन कमी होते आणि एसएचबीजीची निर्मिती मंदावते. म्हणून तुमचे १४ हे माझ्या मते यकृतानेच दिलेले निवेदन आहे. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात एसएचबीजी कमी असलेल्या स्त्री-पुरुषांना पुढे टाइप २ मधुमेह होण्याची शक्यता बरीच अधिक आढळली; जन्मतःच एसएचबीजी कमी-अधिक ठेवणाऱ्या जनुकीय फरकांचाही मधुमेहाशी संबंध दिसला, त्यामुळे हे प्रथिन केवळ साक्षीदार आहे की त्याचा स्वतःचा काही वाटा आहे, हा वाद अजून चालू आहे.

इंजेक्शनांबद्दल सांगायचे, तर ऑस्ट्रेलियात कंबरेचा घेर ९५ सेंटिमीटर किंवा अधिक असलेल्या हजारावर पुरुषांना आहार-व्यायामाच्या कार्यक्रमासोबत दोन वर्षे टेस्टोस्टेरॉन किंवा निष्क्रिय इंजेक्शन देण्यात आले. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार अखेरीस मधुमेह असणाऱ्यांचे प्रमाण टेस्टोस्टेरॉन गटात १२ टक्के आणि निष्क्रिय इंजेक्शनाच्या गटात २१ टक्के होते. आकडा आकर्षक आहे. परंतु उपचार घेणाऱ्यांपैकी सुमारे पाचव्या हिश्श्यात हिमॅटोक्रिट (रक्तातील तांबड्या पेशींचा हिस्सा) ५४ टक्के किंवा त्याहून वर गेले, म्हणजे रक्त धोकादायक रीतीने दाट झाले. शिवाय पुढे अमेरिकेतील एका मोठ्या चाचणीत मधुमेहपूर्व अवस्थेतील पुरुषांना असा लाभ दिसला नाही. बाहेरून दिलेल्या टेस्टोस्टेरॉनने शुक्राणूंची निर्मितीही दबते, हे परिचित मंडळी सहसा सांगत नाहीत. तेव्हा निव्वळ मधुमेह टाळण्यासाठी इंजेक्शन घेऊ नये. चाचणी दुसऱ्या एखाद्या सकाळी पुन्हा करावी, सोबत एलएच व प्रोलॅक्टिन ही मेंदूतील पियुषिका ग्रंथीची संप्रेरके आणि थायरॉइड पाहावे, घोरणे असल्यास झोपेची तपासणी करावी. वजन आणि यकृतातील चरबी उतरली, की एसएचबीजी व एकूण टेस्टोस्टेरॉन बहुधा आपोआप वर येतात.

प्रश्न : मला पीसीओएस (अंडाशयाशी निगडित संप्रेरकांचा असमतोल) आहे. एकूण टेस्टोस्टेरॉन ‘नॉर्मल’ असूनही चेहऱ्यावर केस का वाढतात?

उत्तर : स्त्रियांत गणित उलटे लागते. वाढलेले इन्सुलिन अंडाशयाला अधिक अँड्रोजेन (टेस्टोस्टेरॉनसारखी पुरुषी संप्रेरके) बनवायला लावते आणि एसएचबीजी कमी असल्याने त्याचा मोठा हिस्सा मोकळा राहतो; एकूण आकडा मर्यादेत असला तरी केसांच्या मुळांना हे मोकळे टेस्टोस्टेरॉन जाणवते. सव्वाचार लाख लोकांच्या जनुकीय माहितीवरून २०२० मध्ये मांडलेल्या विश्लेषणातही, जनुकीयदृष्ट्या अधिक टेस्टोस्टेरॉन स्त्रियांत मधुमेहाचा धोका वाढवते आणि पुरुषांत घटवते, असे दिसले. तुम्ही इस्ट्रोजेनयुक्त गर्भनिरोधक गोळ्या घेत असाल, तर त्या यकृताकडून एसएचबीजी जास्त बनवून घेतात आणि मोकळे टेस्टोस्टेरॉन कमी होते. मात्र त्या काळात वाढलेला एसएचबीजीचा आकडा इन्सुलिन-प्रतिरोध (शरीराने इन्सुलिनला नीट दाद न देणे) सुधारल्याचे लक्षण मानू नये, रक्तशर्करेची तपासणी वेगळी करावीच.