वाचकांचे प्रश्न : जुन्या पिकअपची टाकी आणि पंप

प्रश्न : माझ्याकडे २००५ सालची डिझेल पिकअप आहे. ओतूरहून माळशेज घाटाने कल्याण आणि वाशीला टोमॅटो नेतो. गेल्या चार महिन्यांपासून परतीच्या वाटेवर घाट चढताना गाडी दम सोडते, झटके देते आणि बंद पडते. दहा-पंधरा मिनिटे थांबलो की पुन्हा चालू होते. सकाळी हँड प्रायमर (हाताने दाबून डिझेल वर ओढायचा छोटा पंप) वीस-पंचवीस वेळा दाबल्याशिवाय इंजिन उठत नाही. टाकी भरलेली असली की त्रास कमी होतो. डिझेल फिल्टर दोनदा बदलला, इंजिनात डिझेल फवारणारे नोझलही तपासून घेतले. आता गॅरेजमध्ये सांगतात की डिझेलचा मुख्य पंप (दाबाने नोझलकडे डिझेल पाठवणारा) उतरवून पूर्ण काम करावे लागेल. पंप करून घ्यावा का? (एक वाचक, ता. जुन्नर)

उत्तर : एवढ्यात करू नये. आपण पत्रात तीन गोष्टी अगदी नेमक्या टिपल्या आहेत आणि त्या तिन्ही पंपाकडे नव्हे, तर टाकीकडे बोट दाखवतात.

पहिली गोष्ट म्हणजे सकाळी प्रायमर मारावा लागणे. आपल्या गाडीत टाकी चासीच्या बाजूला खाली असते आणि फीड पंप (टाकीतले डिझेल ओढून मुख्य पंपाला देणारा छोटा पंप) तिच्यापेक्षा वर असतो, त्यामुळे डिझेल खालून ओढून घ्यावे लागते. टाकीपासून फीड पंपापर्यंतच्या या ओढीच्या नळीत कुठेही बारीक भेग, सैल क्लिप किंवा कडक पडलेला रबरी पाइप असेल, तर रात्रभरात तेथून हवा शिरते आणि नळीतले डिझेल टाकीत परत उतरते. गाडीखाली मात्र थेंबही सांडलेला दिसत नाही. इंजिन चालू असताना या नळीतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी असतो, म्हणून डिझेल बाहेर येण्याऐवजी हवाच आत ओढली जाते. गळती दिसत नाही म्हणून ही नळी निर्दोष ठरवली जाते आणि दोष पंपाच्या माथी मारला जातो, हे मी फार वेळा पाहिले आहे.

दुसरी गोष्ट म्हणजे टाकी भरलेली असताना त्रास कमी होणे. टाकीच्या आत जी उभी नळी तळापर्यंत गेलेली असते, तिला गंजून मध्येच सुईच्या अग्राएवढे छिद्र पडले, तर डिझेलची पातळी त्या छिद्राच्या वर असेपर्यंत काहीच जाणवत नाही आणि पातळी छिद्राखाली गेली की नळी हवा पिऊ लागते. आपण माल उतरवून परत येता तेव्हा टाकीत डिझेल कमी उरलेले असते आणि त्यात चढावर ते एका बाजूला सरकते. त्यामुळे घाटातच गाडी अडते, यात नवल नाही.

तिसरी गोष्ट म्हणजे थोडे थांबल्यावर गाडी पुन्हा चालू होणे. हे नळीच्या टोकावरची जाळी तुंबल्याचे लक्षण आहे. इंजिन चालू असताना गंजाचा चुरा आणि चिकट गाळ ओढला जाऊन जाळीला चिकटतो, तर इंजिन बंद होऊन ओढ थांबली की तोच गाळ सुटून तळाशी बसतो. एक गोष्ट आणखी पाहावी. गाडी अडताच टाकीचे झाकण उघडा आणि कान द्या. ‘स्सू’ असा आवाज करत हवा आत गेली, तर झाकणातले हवेचे छिद्र बुजले आहे. तसे असेल तर झाकण धुऊन घेणे किंवा बदलणे एवढ्यावरच काम भागते.

आता पंप दोषी आहे की निर्दोष, याची परीक्षा. पाच लिटरच्या स्वच्छ कॅनमध्ये गाळलेले डिझेल घ्या आणि तो कॅन बॉनेटजवळ, पंपापेक्षा थोडा उंचीवर, गरम सायलेन्सरपासून दूर घट्ट बांधा. टाकीकडून येणारा पाइप फीड पंपापाशी सोडवून बंद करा आणि त्याच्या जागी कॅनमधून नवा पाइप जोडा. रिटर्नचा (जास्तीचे डिझेल परत आणणारा) पाइपही याच कॅनमध्ये सोडा. नळीत अडकलेली हवा (एअर) काढून गाडी सुरू करा आणि घराजवळच्या एखाद्या चढावर न्या. गाडी नेहमीच्या जोमाने चढली, तर आपला पंप निर्दोष आहे आणि पंपावर होणारा मोठा खर्च वाचला. ज्यांना एवढीही खटपट जमणार नाही, त्यांनी फीड पंपाच्या आधी वीतभर पारदर्शक नळीचा तुकडा काही काळासाठी बसवावा. डिझेलबरोबर बुडबुड्यांची माळ सरकताना दिसली की हवा कोणत्या बाजूने येते याबद्दल शंका उरत नाही.

कॅनवरही गाडी अडखळली, तर मग फीड पंपाकडे वळावे. मुख्य पंपातून नोझलकडे जाणाऱ्या चार नळ्या एका ओळीत बाहेर पडत असतील तर तो इनलाइन पंप असतो. त्याच्या कुशीला छोटा फीड पंप आणि त्यावर हँड प्रायमर असतो. नळ्या गोलाकार डोक्यातून निघत असतील तर तो रोटरी पंप, आणि त्यात प्रायमर बहुधा फिल्टरच्या डोक्यावर असतो. इनलाइन पंपाच्या फीड पंपात एक छोटा पिस्टन, स्प्रिंग आणि दोन झडपा असतात. झडपेखाली कचऱ्याचा एक कण अडकला तरी फीड पंप डिझेल उचलत नाही. तो खोलून स्वच्छ करणे, झडपा आणि ओरिंग बदलणे हे अर्ध्या दिवसाचे काम आहे आणि ते मुख्य पंपाला हात न लावता होते.

मुख्य पंप खरोखरच करावा लागला, तर तो टेस्ट बेंच (पंप चालवून तपासण्याचे यंत्र) असलेल्या पंपवाल्याकडेच द्यावा. प्लंजर (डिझेल दाबणारा दांडा) आणि बॅरल (तो ज्यात सरकतो ती नळी) यांच्यातली फट दोन-तीन मायक्रॉनची असते, तर माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड असतो. त्यामुळे एका प्लंजरचा बॅरल दुसऱ्याला लावता येत नाही आणि रस्त्याकडेला, धुळीत पंप उघडणे म्हणजे तो बिघडवणेच होय. कॅलिब्रेशन (डिझेलचे माप जुळवणे) झाल्यावर लावलेले शिशाचे सील ‘जरा पिकअप वाढवून देतो’ म्हणणाऱ्याला तोडू देऊ नये. आणि कोणत्याही परिस्थितीत चालू नोझलच्या फवाऱ्यासमोर हात धरू नये. तो फवारा कातडी भेदून आत शिरतो. जखम टाचणीएवढी दिसली तरी रुग्णाला तातडीने शल्यचिकित्सकाकडे न्यावे लागते.

पंप केला तरी टाकी तशीच ठेवली, तर तोच गंज काही महिन्यांत नव्या प्लंजरवर ओरखडे काढील. म्हणून क्रम टाकीपासूनच धरावा. तळाचा ड्रेन बोल्ट काढून लिटरभर डिझेल काचेच्या बरणीत घ्या आणि रात्रभर हलवू नका. सकाळी तळाशी पाण्याचा थर स्वच्छ वेगळा दिसतो, त्याच्या बुडाशी नारिंगी चुरा असतो आणि दोहोंच्या सीमेवर कधी काळसर, शेंबडासारखा पदार्थ तरंगतो. पाणी आणि डिझेल जेथे एकमेकांना भिडतात तेथे वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांचा तो थर असतो. तो दिसला तर नुसते फिल्टर बदलत बसणे व्यर्थ आहे, टाकी उतरवूनच धुवावी लागते.

टाकी उतरवण्याआधी बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवावी. मग डिझेल पूर्ण काढावे, फ्लोटची (पातळी मोजणाऱ्या तरंगत्या भागाची) वायर आणि पाइप सोडवून त्यांवर खुणा कराव्यात आणि शेवटी पट्टे ढिले करावेत. टाकीत गरम पाणी आणि धुण्याचा सोडा घालून ती चांगली घुसळावी. गंज जाड असेल तर स्वच्छ, गुळगुळीत खडी मोजून आत घालून हलवावी आणि नंतर मोजूनच बाहेर काढावी. उरलेल्या गंजासाठी फॉस्फरिक ॲसिडचे गंजनाशक चालते, पण नंतर सोड्याच्या पाण्याने ते निष्प्रभ करून टाकी उन्हात आणि हवेच्या झोताने खडखडीत वाळवावी. आतली उभी नळी फुंकून पाहावी. एक टोक बोटाने दाबून दुसऱ्या टोकाने हवा दिली आणि नळी पाण्यात बुडवली की छिद्र लगेच सापडते. जोडताना बँजो बोल्टला (पाइप जोडणारा पोकळ बोल्ट) दोन्ही बाजूंनी नवे तांब्याचे वॉशर घालावेत. नवे मिळाले नाहीत तर जुने लाल होईपर्यंत तापवून पाण्यात विझवावेत, म्हणजे ते पुन्हा मऊ होतात. टेफ्लॉनची पट्टी येथे वापरू नये, कारण तिचे धागे सुटून पंपात जातात.

जुन्या गाड्यांबाबत आणखी एक सांगणे आहे. १ एप्रिल २०२० पासून देशभर भारत स्टेज सहा या प्रदूषण मानकाचे डिझेल मिळते, त्यात गंधकाचे प्रमाण दहा लाखांत १० भाग एवढेच असते. ते हवेसाठी चांगलेच आहे, परंतु वीस वर्षांपूर्वीचे रबरी पाइप आणि ओरिंग वयामुळे आधीच कडक झालेले असतात आणि अशा डिझेलात ते आकसून गळू शकतात. टाकी उतरवली आहे तर ओढीचा आणि रिटर्नचा असे दोन्ही रबरी पाइप, डिझेलसाठीच बनवलेले, नवे घालून टाकावेत. पाण्याचा किंवा साध्या हवेचा पाइप काही महिन्यांत फुगतो.

प्रश्न : टाकीला तळाशी छिद्र पडले आहे. गावातला वेल्डर म्हणतो, डिझेल काढून टाकले की लगेच वेल्डिंग करून देतो. चालेल का? (एक वाचक, बार्शी)

उत्तर : कृपा करून असे करू नका. भरलेल्या टाकीपेक्षा नुकती रिकामी केलेली टाकी जास्त धोकादायक असते, कारण द्रव जळत नाही, हवेत मिसळलेली वाफ जळते. पेट्रोलच्या वाफेचे हवेतले प्रमाण साधारण दीड ते साडेसात टक्क्यांच्या दरम्यान आले की एक ठिणगी पुरते. डिझेलचा फ्लॅश पॉइंट, म्हणजे त्याची वाफ पेट घेऊ शकेल असे किमान तापमान, भारतीय मानकानुसार ३५ अंशांपेक्षा कमी नसावे लागते. बार्शीला वैशाखात उन्हात ठेवलेला पत्रा याहून कितीतरी जास्त तापतो आणि वेल्डिंगची ज्योत तर शिवणीत आणि आडव्या पत्र्यामागे दडलेल्या डिझेलचीही वाफ करते. टाकी फुटून वेल्डिंग करणारी माणसे दगावलेली आहेत.

डिझेलची टाकी दुरुस्त करायचीच असेल, तर वर सांगितल्याप्रमाणे सोड्याच्या गरम पाण्याने दोन-तीनदा धुवावी, शक्य असल्यास आत पाण्याची वाफ सोडावी आणि मग छिद्राची बाजू वर येईल अशी टाकी ठेवून ती पाण्याने इतकी भरावी की फक्त छिद्रापाशी बोटभर जागा रिकामी राहील. पाण्याखाली येणारी तोंडे बंद करावीत, पण वाफ बाहेर पडायला वरची एक वाट उघडी ठेवावी. हे काम टाक्यांची नेहमी दुरुस्ती करणाऱ्याकडेच न्यावे. दुसऱ्या गाडीच्या सायलेन्सरचा धूर टाकीत सोडून वेल्डिंग करण्याची रीत काही गॅरेजमध्ये आहे, तिच्यावर मी विसंबणार नाही. ठिगळासाठी जस्त चढवलेला पत्रा वापरू नये, जस्ताचा डिझेलशी संयोग होऊन साबणासारखा पदार्थ तयार होतो आणि तो फिल्टर तुंबवतो. पेट्रोलची टाकी असेल तर वेल्डिंगचा विचारच सोडून द्यावा आणि दुसरी टाकी घ्यावी.

वाटेत गळती लागली तर कपड्याच्या साबणाची वडी कोरडीच छिद्रावर घासून दाबावी. ट्रकचालकांचा हा जुना उपाय गॅरेज गाठेपर्यंत खरोखर टिकतो.

प्रश्न : मी अमेरिकेत टेक्सासमध्ये राहतो. माझ्याकडे १९९४ ची फोर्ड एफ-१५० आहे, पेट्रोल इंजिन आणि दोन टाक्या. मागच्या टाकीवर चालवले की पुढच्या टाकीचा काटा वर चढतो आणि एकदा तर झाकणातून पेट्रोल बाहेर आले. टाकी बदलण्याचा स्विच खराब आहे का?

उत्तर : स्विचवर आपण संशय घेतलात तो स्वाभाविक आहे, पण या पिढीच्या गाडीत डॅशबोर्डवरचा स्विच फक्त विजेचे काम करतो. प्रत्येक टाकीत स्वतंत्र विद्युत पंप असतो आणि स्विच त्यांपैकी एकाला वीज देतो, तसेच काटा त्या टाकीशी जोडतो. इंजिनाला जेवढे पेट्रोल लागत नाही तेवढे परत येते. ते ज्या टाकीतून निघाले त्याच टाकीत जावे, यासाठी टाकीतल्या पंपाच्या जोडणीत एकदिशा झडप असते. तीस वर्षांनी पुढच्या टाकीतली झडप नीट मिटेनाशी झाली, की मागून निघालेले पेट्रोल पुढे जाऊन पडते. पुढची टाकी उतरवून त्या झडपेसकट पूर्ण जोडणी, जाळी आणि वरचे सील बदलणे हाच खरा उपाय आहे. तोपर्यंत पुढचीच टाकी वापरा आणि दोन्ही टाक्या काठोकाठ भरू नका.

काम सुरू करण्यापूर्वी फ्युएल रेलवरच्या (इंजिनावर पेट्रोल वाटणाऱ्या नळीवरच्या) झडपेतून दाब सोडावा आणि काम उघड्यावर करावे. तुमच्याकडच्या घरांना लागून असलेल्या गॅरेजमध्ये पुष्कळदा गॅसचा वॉटर हीटर असतो. त्याची छोटी ज्योत अखंड जळत असते, आणि पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत सरपटत तिच्यापर्यंत पोहोचते. पुढे कधी दोन्ही पंप एकदम मुके झाले, तर पंप उतरवण्याआधी प्रवाशाच्या पायांजवळचा इनर्शिया स्विच पाहावा. अपघातात पेट्रोल बंद व्हावे म्हणून तो दिलेला आहे, पण मोठ्या धक्क्यानेही तो उडतो आणि त्याचे बटण नुसते दाबले की पंप पुन्हा चालू होतात.

प्रश्न : मालवणहून मासळी नेतो. टाकी आतून स्वच्छ आहे, पण पट्ट्यांखाली बाहेरून कुजली. पुन्हा तसे होऊ नये म्हणून काय करावे?

उत्तर : क्रेटमधला बर्फ वितळून खारे पाणी हौद्याच्या फटींतून थेट टाकीवर ठिबकते आणि पट्ट्याखालची जाड फेल्टची पट्टी ते पाणी स्पंजासारखे धरून ठेवते. नव्या टाकीला फेल्टऐवजी रबराची पट्टी घालावी, पट्ट्याखालच्या जागी प्राइमर आणि रंगाचे दोन हात जास्त द्यावेत, हौद्याच्या फटी बुजवून पाणी मागे एका नळीने बाहेर काढावे आणि प्रत्येक फेरीनंतर गोड्या पाण्याचा पाइप गाडीच्या खालूनही मारावा.