बागडोगऱ्याला जाताना ‘ए’ की ‘एफ’?

प्रश्न : ताई, ऑक्टोबरच्या शेवटी आईबाबांना घेऊन दार्जिलिंग-गंगटोकला चाललोय. मुंबईहून बागडोगऱ्याला थेट पण जाता येतं आणि दिल्लीला विमान बदलून पण. बाबांना विमानातून हिमालय बघायचाय, एव्हरेस्ट दिसतो म्हणे, खरंच का? कुठली सीट घेऊ?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : दिसतो की! पण सीटच्या आधी रूट बघा, सगळे इथेच फसतात. मुंबईहून थेट विमान मध्य भारतावरून तिरकं ईशान्येला जातं, त्यामुळे बराच वेळ खाली नुसती शेतं आणि ढग, डोंगर येतात ते पार शेवटी. दिल्ली-बागडोगरा मात्र पूर्वेकडे, हिमालयाच्या रांगेला धरून जातं, म्हणून वेळ गेला तरी चालेल पण दिल्लीवरूनच जा.

बाजू डावी, म्हणजे ‘ए’. मी पहिल्यांदा गेले तेव्हा हौसेने ‘एफ’, म्हणजे उजवी खिडकी घेतली आणि सगळा वेळ गंगेचं मैदान बघत बसले, पलीकडे लोकांचं ‘अगं ते बघ, ते बघ’ चालू! डावीकडचा अजून एक फायदा म्हणजे खिडकी उत्तरेला येते, त्या दिवसांत सूर्य दक्षिणेला कललेला असतो, ऊन समोरच्या बर्फावर पडतं, तुमच्या डोळ्यांवर येत नाही. सकाळची फ्लाइट घ्या, दुपारी डोंगरांवर ढग चढतात.

रांग निवडताना पंख टाळा. एअरबस ३२० मध्ये साधारण १० ते १८ नंबरला खाली बघितलं की पंखच दिसतो, आणि इंजिनाच्या लगेच मागे बसलात तर गरम हवेमुळे फोटो थरथरल्यासारखे येतात, त्यामुळे पुढची सीट बरी, ती महाग पडली तर सरळ शेवटच्या रांगा. बोइंग ७३७ असेल तर सीट मॅप नीट बघा, पंखाच्या जरा पुढे एखाद्या रांगेला खिडकीच नसते, तिथल्या भिंतीतून एसीचा पाइप गेलेला असतो (आणि पैसे मात्र विंडोचेच!).

अर्धा प्रवास झाला की आधी धौलागिरी, अन्नपूर्णा, मग मनास्लू. एव्हरेस्ट बराच उशिरा, विमान खाली यायला लागतं त्या सुमारास. तो सगळ्यात मोठा दिसेल असं समजू नका, तो ल्होत्से-नुप्त्से या शेजारच्या शिखरांच्या भिंतीमागून डोकावणारा काळपट त्रिकोण आहे, त्याच्या उजवीकडे मकालू. कांचनजंगा मात्र ऐसपैस पसरलेली, ती चुकणार नाही.

येताना दिल्लीवरूनच आलात तर ‘एफ’ घ्या. आणि जाताना बाबा ‘ए’वर, आई ‘बी’वर असतील तर जागा कधी बदलायच्या ते आधीच ठरवा, कारण एव्हरेस्टच्या वेळी सीटबेल्टचा दिवा लागलेला असू शकतो आणि नसला तरी बाबा तेव्हा काही उठायचे नाहीत.