खाड्यांची वही

प्रश्न : आमची औसा तालुक्यात पाच एकर कोरडवाहू जमीन. मुलगा पुण्यात एमपीएससीची तयारी करतो. पावसानं सोयाबीन गेलं आणि त्याला पैसे पाठवणं थांबलं. विचारलं की म्हणायचा, "भागतंय." आता कळलं, मेसच्या काकूंनी चार महिने एक रुपया घेतला नाही. इतर पोरांना कळू नये म्हणून वहीत रोज त्याचा खाडा मांडायच्या. आमचे मालक म्हणतात, फुकटचं खायचं नाही, सगळे चुकते कर. काकू घेत नाहीत. काय करावं? धाकटी यंदा बारावीला आहे, तिचीही काळजी आहे.
– एक आई, लातूर जिल्हा

उत्तर : बाई, आधी त्या वहीला माझा नमस्कार सांगा. खाडा म्हणजे न जेवलेला दिवस, महिन्याच्या पैशातून वजा होणारा. एकेका खाड्यावरून मेसवाल्यांशी पोरांची काय हुज्जत चालते! आणि इथे पोरगं रोज ताटावर, वहीत मात्र गैरहजर.

मालकांना सांगा, वार लावून, म्हणजे आठवड्याच्या एकेका वारी एकेका घरी जेवत, पुण्यात पिढ्या शिकल्या. माझे सासरे त्यातलेच. एका घरी त्यांचं पान दाराशी मांडायचे, ते त्यांना म्हातारपणीही सलायचं. गुरुवारच्या घरी मात्र आपल्या मुलांच्या पंक्तीत बसवायचे. त्या घरच्या बाईंचं नाव सासऱ्यांनी हट्टानं माझ्या मुलीला ठेवायला लावलं.

तरी मालकांचं एक खरं आहे. मेस गॅस आणि किराण्यावर चालते, चार महिने काकूंनाही जड गेले असणार. पण पोराच्या हाती पाकीट देऊ नका, काकू ते परतच करतील. दोघं जा, तिथेच जेवा आणि सांगा, "पुढं ज्या पोराचे पैसे अडतील, त्याच्या नावावर हे आगाऊ धरा." एकरकमी जमत नसेल तर सुगीला थोडे थोडे द्या. सोबत घरची तूरडाळ न्या. भरडून न्या हं, नुसत्या तुरी नेऊन काकूंना कामाला लावू नका.

धाकटीसाठी पुण्याच्या विद्यार्थी सहाय्यक समितीत चौकशी करा. खेड्यातल्या गरजू मुलामुलींसाठी 1955 पासून चालणारी संस्था आहे, वसतिगृहं आहेत. बारावीचा निकाल लागायच्या आधीच विचारून ठेवा.

आणि "भागतंय" म्हणणाऱ्या चिरंजीवांना थोडं रागवाच. काकूंच्या देखत नको.