सायकलला पॉवर मीटर बसवलाय, आकडा सारखा उड्या मारतो. सेटिंग आणि ट्रेनिंग कसं करायचं?

तुम्ही डाव्या क्रँकचा (पेडलच्या दांड्याचा) पॉवर मीटर, म्हणजे पायांचा जोर वॉटमध्ये मोजणारं यंत्र, सेकंडहँड घेतलाय, आकडा स्थिर राहत नाही म्हणून तो बिघडलाय की काय ही शंका आहे, आणि हार्ट रेटचा पट्टा असताना याचा वेगळा उपयोग काय, हेही विचारलंय. शिवाय उजव्या बाजूचाही घ्यावा का, असं शेवटी आहे. मी पुण्यात सायकल चालवतो, त्यामुळे उदाहरणं इकडचीच येतील.

उड्या मारणं हा बिघाड नाही. क्रँकच्या आतल्या बाजूला स्ट्रेन गेज, म्हणजे ताण मोजणाऱ्या पट्ट्या, चिकटवलेल्या असतात. पाय दाबला की क्रँक केसभर वाकते, गेजचा विद्युतरोध बदलतो, त्यावरून टॉर्क, म्हणजे फिरवणारा जोर, कळतो. टॉर्क गुणिले फिरण्याचा वेग म्हणजे वॉट. रस्ता जरासा चढला, समोरून वारा आला, खड्डा चुकवताना अर्धं पेडल सुटलं की 180 चे 90 होतात आणि लगेच 260. तुमचे पाय खरोखरच असे चालतात, फक्त आजवर कोणी दाखवलं नव्हतं. हँडलवरच्या सायकल कंप्युटरवर क्षणाचा आकडा काढून टाका, 3 सेकंदांची सरासरी लावा आणि शेजारी लॅपची (राइडच्या चालू तुकड्याची) सरासरी ठेवा. निम्मी चिडचिड तिथेच संपेल.

आता बसवण्याचं. शिमानोची दोन बोल्टवाली डावी क्रँक असेल तर आधी टोकाची प्लास्टिकची कॅप हातानेच, बेअरिंगमधली ढिलाई जाईल इतपत फिरवा. ती ताकद लावून आवळायची वस्तू नाही. मग सेफ्टी प्लेटची छोटी पिन भोकात खाली बसली ना ते पाहा, आणि दोन्ही बोल्ट आलटून पालटून थोडे थोडे आवळत 12 ते 14 न्यूटन मीटरपर्यंत न्या. एक पूर्ण आवळून मग दुसऱ्याला हात घातला की क्रँक तिरकी धरली जाते. मीटरचा फुगवटा फ्रेमच्या चेनस्टेला (मागच्या चाकाकडे जाणाऱ्या खालच्या नळीला) घासत नाही ना, हे चाक उचलून क्रँक फिरवून बघा. पहिल्या राइडला उभं राहून चारदोन जोरदार स्प्रिंट मारा, घरी येऊन बोल्ट परत तपासा.

मीटरच्या ॲपमध्ये क्रँकची लांबी नीट भरा. क्रँकच्या आतल्या बाजूला ती कोरलेली असते. 170 मिलिमीटरची क्रँक असताना 172.5 भरलं तर आकडा दीड टक्का फुगतो, कारण टॉर्क लांबीच्या प्रमाणात मोजला जातो. कंप्युटरमध्ये पॉवरच्या सरासरीत शून्यं धरायची, केडन्सच्या (मिनिटाला क्रँकचे किती फेरे, त्याच्या) सरासरीत नाही. उतारावर पाय थांबलेले असतानाची शून्यं वगळली तर सरासरी उगीच भरघोस दिसते. ग्रुपवर स्क्रीनशॉट टाकायला बरी, एवढाच तिचा फायदा. आणि फोनचं ॲप ब्लूटूथने मीटरला चिकटून बसलं असेल तर कंप्युटरला तो सापडत नाही असं पुष्कळदा होतं. जोडी एएनटी प्लस या दुसऱ्या वायरलेस जोडणीवर लावा किंवा राइडआधी ॲप बंद करा.

झिरो ऑफसेट, म्हणजे जोर नसताना मीटरला शून्य कुठे ते दाखवणं, ही सवय दात घासण्यासारखी लावून घ्या. धातू तापमानाने प्रसरण पावतो, तसा गेजचा शून्यबिंदूही सरकतो. सायकल घरातून बाहेर काढून दहा-पंधरा मिनिटं उभी करा, पेडलवर पाय नको, मॅन्युअलमध्ये सांगितलंय त्या स्थितीत क्रँक ठेवा आणि मग कॅलिब्रेट दाबा. येणारा आकडा लक्षात ठेवा. रोज तो आसपासच असतो. एखाद दिवशी भलतीकडेच गेला तर आधी बोल्ट आणि सेल बघा. पावसाळ्यात सेलचं झाकण हे सगळ्यात नाजूक ठिकाण. भिजून आलात की झाकण उघडून पुसा, रबरी ओ-रिंग चिरलेली नाही ना ते बघा, आणि सर्व्हिसिंगवाल्याला प्रेशर पंप तिथे मारू देऊ नका.

जुना मीटर खरं बोलतोय का, हे घाटात साध्या गणिताने कळतं. तुम्ही, सायकल, पाणी मिळून 85 किलो धरा. 500 मीटर उंची 50 मिनिटांत चढलात तर नुसत्या गुरुत्वाकर्षणाविरुद्ध 85 × 9.81 × 500 भागिले 3000 सेकंद, म्हणजे साधारण 139 वॉट लागले. टायर, चेन आणि हवा यांचे आणखी वीसेक. मीटरने 155 ते 165 सरासरी दाखवली तर तो शहाणा आहे. 200 दाखवली तर क्रँकची लांबी, झिरो आणि मग विक्रेता, या क्रमाने चौकशी करा.

ट्रेनिंगसाठी आधी एफटीपी लागतो, म्हणजे ढोबळमानाने तासभर टिकवता येईल अशी पॉवर. प्रचलित टेस्ट 20 मिनिटांची. तिच्या सरासरीचे 95 टक्के धरायचे. मूळ पद्धतीत त्याआधी 5 मिनिटं जीव तोडून मारायची असतात. बहुतेक जण ती गाळतात आणि मग एफटीपी जास्त येतो. जागा म्हणाल तर सिंहगडाचा चढ उत्तम, सिग्नल नाही आणि तुमच्या-माझ्यासारख्यांचा तो वीस मिनिटांत संपत नाही. फक्त शनिवार-रविवार टाळा, पर्यटकांच्या गाड्यांत टेस्ट होत नाही. बोपदेव घाट दमदार गड्याला अपुरा पडतो.

समजा 232 सरासरी आली, तर एफटीपी 220. त्यावरून मेहनतीचे टप्पे, म्हणजे झोन, ठरतात. झोन 2, म्हणजे आरामात लांब चालवायचा टप्पा, 56 ते 75 टक्के, तुमच्यासाठी 123 ते 165. थ्रेशोल्ड, म्हणजे एफटीपीच्या आसपासचा कडक टप्पा, 91 ते 105 टक्के, म्हणजे 200 ते 231. हार्ट रेटचा फरक इथे दिसतो. 3 मिनिटांच्या इंटरव्हलमध्ये (जोराच्या तुकड्यात) हृदय वर पोचेपर्यंत पहिलं मिनिट सरलेलं असतं, त्यामुळे पट्ट्याकडे बघून मारणारा सुरुवातीला फार जोर लावतो. एप्रिलच्या उकाड्यात तर तेवढ्याच 150 वॉटला तासाभराने ठोके वाढत जातात. पण पट्टा काढू नका. तेच वॉट, आणि ठोके नेहमीपेक्षा बरेच जास्त, असं दिसलं तर झोप झालेली नाही, ताप येतोय किंवा पाणी कमी पडलंय. मीटर एकट्याने हे सांगत नाही.

माझ्या मते आपल्यासारख्या हौशी लोकांना मीटरचा खरा उपयोग जोर लावायला नाही, जोर आवरायला होतो. ग्रुपमध्ये कोणी पुढे गेलं की आपण 190 वर जातो, ना धड आराम ना धड मेहनत. आठवड्यात दोनच राइड कडक ठेवा, उदाहरणार्थ कात्रजच्या जुन्या घाटात 10 मिनिटांचे तीन तुकडे 200 ते 210 वॉटवर, आणि बाकीच्या राइडला 165 ची मर्यादा पाळा. फ्लायओव्हर आला, गिअर उतरवा. कोणी ओव्हरटेक केलं, करू दे. 200 किलोमीटरची ब्रेव्हे (ठरलेल्या वेळेत पूर्ण करायची लांब राइड) करायची असेल तर साडेतेरा तास हातात असतात, पहिल्या घाटात हिरोगिरी करायची गरजच नसते. तिथे मीटरसारखा सोबती नाही.

उजव्या बाजूचा मीटर? डावा मीटर डाव्या पायाची पॉवर दुप्पट करून दाखवतो. डावा 48, उजवा 52 असेल तर 200 ऐवजी 192 दिसतील. टेस्टही त्याच मीटरवर आणि ट्रेनिंगही त्याच मीटरवर होत असेल तर बिघडत काही नाही. गोंधळ होतो तो घरच्या स्मार्ट ट्रेनरशी (सायकल लावून घरात चालवायच्या, पॉवर मोजणाऱ्या यंत्राशी) आकडा जुळवताना. तिथेही ट्रेनरचं बाजूला ठेवून क्रँकचाच आकडा धरा.

ते पैसे मी आधी 11-34 कॅसेटवर (मागच्या चाकाच्या 11 ते 34 दात्यांच्या गिअर चकत्यांवर) घालीन, मागच्या डिरेलरला (गिअर बदलणाऱ्या यंत्रणेला) झेपत असेल तर. 8 टक्क्यांच्या चढावर 154 वॉटला सायकल ताशी साडेसात-आठ किलोमीटरनेच सरकते. पुढे 34 दाते आणि मागे 28 असतील तर केडन्स 50 च्या आसपास येतो आणि झोन 2 पाळणं अशक्य होतं. मागे 34 असेल तर तोच केडन्स 60 वर राहतो. तोवर झोन 2 साठी सोलापूर रस्त्यासारखा सपाट रस्ताच बघा, पहाटे ट्रकची गर्दी वाढायच्या आत.